सोडलेल्या माशांचं कालवण

अप्पा कारवारहून आले की त्या संध्याकाळी आमच्याकडे माशाची गोष्ट असायची. मासा नसायचा. आई चुलीपुढे ज्वारीच्या भाकऱ्या थापायची, अक्का ताटं मांडायची, मी पाण्याचे तांबे भरून ठेवायची आणि अप्पा अंघोळ करून, केसांना तेल लावून भिंतीला टेकून बसायचे. कालवण म्हणजे बहुतेक डाळकांदा, कधी पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, लाल मिरचीचा ठेचा. पहिला घास तोंडात गेला की अक्का विचारायची, "केवढा होता?" अप्पा उजवा हात पुढे करायचे, डावा हात बोटांपासून वर सरकवत न्यायचे आणि कोपराच्या पुढे कुठेतरी थांबवायचे. मग आमचं जेवण सुरू व्हायचं.

अप्पा हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या एका शेटची लॉरी चालवत. आमच्या वस्तीतले ते पहिले ड्रायव्हर, त्यामुळे घरात भगवान बुद्धांच्या तसबिरीशेजारी अप्पांचं लायसन खिळ्याला टांगलेलं असायचं आणि कामावर निघताना ते काढून खिशात घालायचं काम माझं होतं. इकडून मिरची, गूळ, डाळी घेऊन लॉरी घाट उतरून कारवारला जायची आणि तिकडून नारळ, सुपारी, मीठ घेऊन परत यायची. शेट माणूस वाईट नव्हता. दसऱ्याला आम्हा मुलींना परकराचं कापड द्यायचा. पण त्याचा एक नियम होता, लॉरीत मासा चढता कामा नये. ज्या फळ्यांवर आज नारळ त्याच फळ्यांवर उद्या डाळ, आणि डाळ घेणारे सगळे देवाधर्माचे, वास ओळखणारे. अप्पांच्या आधीच्या ड्रायव्हरने सीटखाली सुक्या सुंगटांची पुडी आणली होती. सुंगटं म्हणजे कोळंबी. शेटने नाक वर केलं, ताडपत्री उचलली आणि त्या माणसाचं काम त्याच दुपारी गेलं. अप्पांना लॉरी मिळाली ती अशी. त्यामुळे तो नियम ते कधी विसरू शकत नव्हते.

कारवारात माल उतरवून परतीचा माल भरेपर्यंत बराच वेळ जायचा. बाकीचे ड्रायव्हर लॉरीखाली चटई टाकून पत्ते खेळत. अप्पांना पत्त्यांत मन लागत नसे. काळी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे खाडीच्या तोंडाशी काळे खडक आहेत, तिथे जाऊन ते बसायचे. तिथे लोक गळ टाकताना पाहून त्यांनाही हौस आली. पण आमिष म्हणून कोळंबी नाहीतर तारली हातात धरायची म्हणजे हाताला वास, कपड्याला वास आणि तोच वास लॉरीत. तेव्हा कुणीतरी त्यांना खोट्या माशाची युक्ती दाखवली. सागवानाचा बोटाएवढा तुकडा घेऊन माशासारखा तासायचा, पोटाखाली गळ लावायचा आणि नायलॉनच्या दोऱ्याने लांब फेकून झटके देत ओढायचा. पाण्यात तो जखमी माशासारखा लडबडतो आणि मोठा मासा त्याच्यावर धावतो. अप्पांनी असे दोन-तीन घरी बसून तासले आणि लॉऱ्यांवर फुलं-पोपट काढणाऱ्या पेंटरकडून रंगवून आणले. त्या पेंटरने त्यांनाही लॉरीसारखंच रंगवलं होतं, पिवळं अंग, लाल कल्ले आणि काजळ घातल्यासारखे मोठे डोळे. आई म्हणाली, "नवरीला बी असं कुणी सजवत न्हाई की."

मासे लागायला लागले. तिथले लोक ज्याला चोणक म्हणतात, तो मासा. मराठी मुलखात त्याला जिताडा म्हणतात. रुपेरी अंग, पाठ गडद, आणि उन्हात डोळे निखाऱ्यासारखे दिसतात म्हणे. पण धरून करायचं काय? लॉरीत चढवता येत नाही. तिथे शिजवून खायला भांडं नाही. अप्पांनी पहिले एक-दोन मासे खडकाजवळच्या झोपड्यांत देऊन टाकले. तिथे नागूबाय नावाची खारवी, म्हणजे मासेमारांतली, बाई होती, त्या खडकावर तिचा हक्क होता असं सगळे मानत. मृगाच्या आधीच्या दिवसांत अप्पांनी तिला एक मोठा मासा नेऊन दिला तर तिने तो उचलून पोट दाबून पाहिलं आणि ओरडली, "अरे ड्रायव्हरा, पोटांत गाबोळी आसा! सोड ताका, सोड आधीं!" गाबोळी म्हणजे अंडी. तिच्या वाडीची रीत होती की त्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी अंड्यांवर आलेला चोणक धरायचा नाही. मोठे असतात त्या सगळ्या माद्या, असं ती सांगायची. त्या गेल्या की पुढल्या साली नातवंडांनी गळ कुठे टाकायचा?

सोडायचा कसा, तेही तिनेच शिकवलं. नुसता पाण्यात फेकला तर थकलेला मासा उलटा होऊन मरतो. त्याला दोन्ही हातांनी पाण्यात सरळ धरायचं, तोंड प्रवाहाकडे करायचं आणि थांबायचं. कल्ल्यांतून पाणी वाहायला लागतं. हळूहळू अंगात ताठपणा येतो. शेपटीने जोर केला की हात उघडायचा. आणि तिने आणखी एक सांगितलं, की सोडणारच असशील तर गळाच्या टोकाचा उलटा काटा कानसीने घासून टाक, म्हणजे काढताना तोंड फाटणार नाही. तेव्हापासून अप्पांच्या गळांना उलटा काटा नसायचा. बरेच मासे त्यामुळे मध्येच सुटून जात. अप्पा म्हणायचे, त्याने तेवढेच आपले कष्ट वाचवले.

पावसाळा असो की थंडी, मासा मोठा असो की लहान, अप्पा पुढे सगळेच सोडायला लागले. का, ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. सुरुवातीला शेटचा नियम होता म्हणून, नंतर नागूबायची रीत होती म्हणून, आणि मग मला वाटतं त्यांना ते आवडायलाच लागलं. वस्तीत थट्टा व्हायची. शेजारचे मल्लूमामा म्हणायचे, "पंचशील घेतलंयस न्हवं? मग त्या मुक्या जिवाला वर काढून दर्शन कशाला घ्यालास?" अप्पा नुसते हसायचे. आईचा टोमणा मात्र दर खेपेला ठरलेला. "जगाचे नवरे धरलेले मासे आणत्यात, आमचे सोडलेले आणत्यात. सोडलेल्या माशांचं कालवण कसं करायचं ते एकदा सांगा, म्हंजे मसाला वाटते." आणि असं म्हणून ती पाठ फिरवून तव्यापाशी बसायची. अप्पांची गोष्ट चालू असताना ती कधी वळून पाहायची नाही, एक प्रश्न विचारायची नाही. उणकलच्या तळ्यातले बारके मासे बाजारात स्वस्त मिळाले तर ती आणायची, साफ करायची, झणझणीत करायची आणि वाढताना म्हणायची, "हे बघा, ह्यास्नी मासे म्हणत्यात."

मी या सगळ्यात एक शब्द बोलत नसे. लहानपणापासून मला माणसांपुढे बोलायचं म्हटलं की घसा आवळल्यासारखा व्हायचा. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथेही बाईंनी उभं केलं की उत्तर येत असून बोलता यायचं नाही. पुढे शाळा सुटली ती घरातल्या कामामुळे, पण मला त्याचं फार वाईट वाटलं नाही, कारण आता कोणी उभं करणार नव्हतं. वस्तीत मला मुकीच म्हणत. अप्पा मात्र गोष्ट सांगताना माझ्याकडे बघून सांगायचे. अक्का प्रश्न विचारायची, तिच्याकडे बघून उत्तर द्यायचे, पण गोष्ट माझ्याकडे बघून. एवढं माझ्या लक्षात राहिलं आहे.

अक्काचं लग्न बेळगावला झालं. एक मूल पोटातच गेलं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा पाचव्या महिन्यातच सासरच्यांनी तिला आमच्याकडे आणून सोडलं, कारण तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. मी दार उघडलं तर मला ती ओळखू आली नाही. गालाची हाडं वर आलेली, ओठ सुकलेले, मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आईने काय काय करून पाहिलं! पेज, लिंबाचं लोणचं, भाजलेला पापड, शेंगदाण्याची चटणी. ती घास तोंडात घ्यायची, फिरवायची आणि उठून मोरीकडे जायची. देशपांडे नगरातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी औषध दिलं आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं की हिच्या पोटात अन्न गेलं नाही तर मागच्यासारखंच होईल. आई रस्ताभर माझा हात इतका घट्ट धरून चालली की बोटं दुखली.

त्या दिवशी आईने अक्काच्या केसांत हात फिरवत विचारलं, "बाई गं, काय तरी खावंसं वाटत असंल की. काय बी सांग. आकाशातलं सांग." अक्काने तोंड तिच्याकडे वळवलं. मग म्हणाली, "अप्पांचा चोणक खावासा वाटतोय."

डोहाळा म्हणजे आमच्याकडे हुकूम. पोटुशी बाई मागेल ते आणायचं, नाही आणलं तर मुलाच्या तोंडाला लाळ सुटते म्हणतात, पण आईला त्याची काळजी नव्हती. मुलीने तोंडाने काहीतरी मागितलं एवढंच तिला पुरे होतं. अप्पा संध्याकाळी आले तेव्हा ती उंबऱ्यातच उभी होती. "उद्या गाडी कारवारला जाणार न्हवं? येताना मासा पाहिजे. कसा आणता ते तुमचं तुम्ही बघा." अप्पांनी चपला काढल्या, चपलांकडेच बघत म्हणाले, "शेटला वास आला तर?" आई म्हणाली, "शेटच्या नाकाची काळजी करू की माझ्या पोरीची?" अप्पा म्हणाले, "आणतो." आई म्हणाली, "आणता? तुमच्या हाताचा मला काय भरवसा न्हाई. सुशी येईल संगट. सुशे, ऐकालीस न्हवं? ह्यांनी मासा वर काढला की गोणीत घालायचा. पाण्याकडे जाऊ द्यायचा न्हाई."

असा मला पहिल्यांदा समुद्र बघायला मिळाला. लॉरीवरचा क्लीनर गावी गेला होता म्हणून त्याच्या जागी मी बसले. घाटात लॉरी इतकी हळू चढत-उतरत होती की रस्त्याकडेची फुलं मोजता आली असती. मिरचीच्या पोत्यांचा खकाणा, डिझेलचा वास, अप्पांचं गुणगुणणं. वाटेत अप्पांनी मला सगळा बेत समजावला. ताजा मासा लगेच वास मारत नाही. ओल्या गोणीत हिरवं गवत घालून त्यात गुंडाळायचा, जादा चाकाच्या वरच्या बाजूला लॉरीच्या खाली बांधायचा, वारा लागत राहील. हुबळीत शिरायच्या आधी ओढ्यावर चाक धुवायचं. गोदामात गाडी लावण्याआधी मला वस्तीच्या कोपऱ्यावर उतरवायचं, गोणी माझ्या हातात. अप्पा ते सांगत होते आणि माझ्याकडे बघत होते, मी मान हलवत होते. भीती दोघांनाही वाटत होती. काम गेलं असतं तर अक्काचं औषधही गेलं असतं.

समुद्राबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही. इतकं पाणी एका जागी असतं हे मला खोटं वाटलं आणि मी अप्पांच्या सदऱ्याचं टोक धरलं. खडकावर नागूबाय होती. कासोटा घातलेली, काळीभोर, दात पानाने लाल. अप्पांनी तिला अक्काबद्दल सांगितलं. तेच मृगाच्या आधीचे दिवस होते, म्हणजे तिच्या वाडीच्या रीतीप्रमाणे अंड्यांवरचा मासा न्यायचा नाही. तिने माझ्याकडे बघितलं, सुपारी गालात सरकवली आणि म्हणाली, "पोटुशीक जाय जाल्यार व्हर. तिका ना म्हणपाक जायना." पोटुशीला हवा असेल तर ने, तिला नाही म्हणता येत नाही. म्हणजे परवानगी मिळाली. आता अडचण काहीच उरली नव्हती, फक्त मासा लागायचा होता.

अप्पा गुडघाभर पाण्यात उतरले. पत्र्याच्या डब्यावर गुंडाळलेला दोरा, टोकाला तो काजळ घातलेला पिवळा मासा. त्यांनी तो डोक्याभोवती गरगर फिरवून सोडला की दोरा डब्यावरून सुर्र करत जायचा आणि लांब कुठेतरी टप्प वाजायचं. मग दोन बोटांनी झटके देत ओढायचे. पुन्हा फेकायचे. मी आईची गोणी पोटाशी धरून बसले होते. ऊन चढलं, भरती थांबली, पाणी एका जागी उभं राहिल्यासारखं झालं आणि तेव्हा दोरा ताठ झाला. अप्पांनी पाय घट्ट रोवले. दोरा त्यांच्या बोटांतून इतक्या जोरात गेला की बोटाला बांधलेल्या चामड्याचा वास आला. आणि मग खाडीच्या मधोमध तो मासा पाण्याबाहेर आला. सगळाच्या सगळा. हवेत डोकं झटकत, कल्ले उघडून, अंगावर ऊन घेऊन. आजही मी डोळे मिटले तर मला तो वर आलेलाच दिसतो, पडताना दिसत नाही.

बराच वेळ गेला. अप्पा दोरा द्यायचे, ओढायचे, पुन्हा द्यायचे. नागूबाय खडकावरून ओरडत होती, "ओढूं नाका, ताका थकूं दी!" शेवटी तो त्यांच्या गुडघ्याशी आला. अप्पांनी अंगठा त्याच्या खालच्या जबड्यात घालून धरला, गळ काढला, दुसरा हात पोटाखाली घेतला. माझ्या अख्ख्या हाताएवढा लांब होता. पोट टम्म फुगलेलं. नागूबायने वरूनच सांगितलं, मादी आहे, भरलेली आहे. अप्पा मला म्हणाले, "सुशे, गोणी भिजवून आण, गवत पण आण, तोवर हिला पाण्यात जिवंत धरतो. जिवंत राहिली तेवढी ताजी राहील." ते बरोबरच होतं. मी धावले. खडकाच्या मागच्या बाजूला गवत होतं, ते उपटलं, गोणी बुडवली, जड झालेली गोणी ओढत परत आले.

अप्पा वाकलेले होते. दोन्ही हात पाण्यात. मासा त्यांच्या हातांत सरळ उभा, तोंड प्रवाहाकडे. कल्ले उघडत होते, मिटत होते. अप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "आली का? आण इकडे." आणि तेवढ्यात माशाने शेपटीने जोर केला आणि अप्पांचे हात उघडले.

मी ते पाहिलं. मासा निसटला नाही. हात उघडले, अगदी सावकाश, जसे इतकी वर्षं उघडत आले असतील तसे. ती मादी क्षणभर तिथेच राहिली, मग तिची पाठ खाली गेली आणि वरचं पाणी मिटलं. अप्पा तसेच वाकून होते. मग त्यांनी दोन्ही तळहात पाण्याबाहेर काढून डोळ्यांसमोर धरले आणि असे बघत राहिले, जसे कुणा दुसऱ्याचे हात आहेत. "सुशे," ते म्हणाले, "मी सोडली गं." नागूबाय हसायला लागली. हसून हसून तिने डोळे पुसले, पण डोळे पुसून झाल्यावर पाण्यात उतरून तिने अप्पांच्या पाठीवर हात ठेवला. तिने झोपडीतून सुकी सुंगटं आणून दिली. अप्पांनी हात जोडून नको म्हटलं. त्याच वासाने आधीच्या ड्रायव्हरचं काम गेलं होतं. अप्पांनी पुन्हा खोटा मासा फेकला, पुन्हा, पुन्हा. ओहोटी लागली होती. मग लॉरी भरल्याची हाक आली.

मला कितीदा तरी वाटलं की अप्पांना विचारावं, हात खरंच विसरले होते का, की तुम्ही मुद्दाम सोडली. ते गेले तोपर्यंत विचारलं नाही. आता माझा नातू मोबाईलवर कुठल्या कुठल्या देशांतले लोक दाखवतो. रंगीत खोटे मासे, मोठमोठ्या काठ्या, मासा धरतात, फोटो काढतात, पाण्यात सरळ धरून सोडून देतात. "आज्जी, बघ, सोडला! कशाला सोडतात गं?" मी म्हणते, पुढल्या साली तुला धरायला. एवढंच म्हणते. पण त्या लोकांच्या हातांकडे मी नीट बघते. शेपटीने जोर केला की त्यांचेही हात तसेच उघडतात.

परतीच्या वाटेवर अप्पा गुणगुणले नाहीत. ओढा आला, चाक धुवायची गरज नव्हती, लॉरी पुढे गेली. वस्तीच्या कोपऱ्यावर त्यांनी मला उतरवलं आणि म्हणाले, "तू हो पुढे. मी गाडी खाली करून येतो." त्यांना गोदामात इतका वेळ लागणार नव्हता, हे मला ठाऊक होतं. त्यांना आईसमोर यायचं नव्हतं. मी ओली गोणी खांद्यावर टाकून निघाले. संध्याकाळ झाली होती, वस्तीत चुली पेटल्या होत्या, आमच्या घरातून मसाला भाजल्याचा वास येत होता. सुकं खोबरं, धणे, लाल मिरची. आईने मसाला वाटून ठेवला होता.

तिने गोणी हातात घेतली, झटकली. गवत पडलं. "कुठं हाय?" मी उभी राहिले. "सुशे, मासा कुठं हाय?" अक्का भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर रिकामं ताट, चेहऱ्यावर काही नाही. आईचा आवाज चढला. "सोडला? ह्या वक्ताला बी सोडला? आणि तू काय करालतीस तिथं? तुला कशाला पाठवलं होतं?" आणि तिने गोणी भुईवर आपटली आणि तव्याकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, आता अप्पा येतील, त्यांनाही ती असंच बोलेल, आणि अक्का उठून झोपायला जाईल, जेवल्याशिवाय.

मी अक्काच्या समोर बसले. उजवा हात पुढे केला. डावा हात बोटांपासून वर नेत नेत कोपराच्या पुढे नेला, दंडावर नेला, खांद्याशी थांबवला. अक्का माझ्या हाताकडे बघत होती. "एवढा?" ती म्हणाली. मी म्हटलं, "एवढा." तो माझाच आवाज होता. आणि मग मी सांगायला लागले. पाणी कसं उभं राहिलं, दोरा कसा गेला, चामडं कसं जळलं, तो कसा वर आला. अप्पांसारखं मला येत नव्हतं. मी मागचं पुढे सांगत होते, पुढचं मागे. अक्का मध्येच थांबवायची. "डोळे लाल असतात म्हणतात ते खरं काय?" "खरं. चुलीतल्या निखाऱ्यासारखे." "मग?" मी नागूबायची नक्कल केली, "पोटुशीक जाय जाल्यार व्हर!" आणि अक्का हसली. आल्यापासून ती हसली नव्हती. आईने पाठमोरीच राहून एक भाकरी आमच्या दिशेने सरकवली आणि वाटलेल्या मसाल्यात शिजलेली डाळ घालून तेवढ्यात केलेलं कालवण ताटात ओतलं. अक्काने माझ्यावरचे डोळे न काढता भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, तोंडात घातला. मी थांबले. "सांग की," ती म्हणाली, घास तोंडात असतानाच.

मी सांगत राहिले. मला भीती वाटत होती की गोष्ट संपेल आणि भाकरी उरेल. म्हणून मी गवत उपटल्याचंही सांगितलं, गोणी किती जड झाली तेही. अक्का मोरीकडे गेली नाही. तो घास ठरला, पुढचा ठरला. दुसऱ्या दिवशी ती थोडी जेवली, तिसऱ्या दिवशीही. रोज मला तीच गोष्ट नव्याने सांगावी लागली. तिला मुलगी झाली, सावळी, भरपूर केसांची. ती आता धारवाडला शिक्षिका आहे आणि मावशी कधी बोलतच नाही अशी माझी थट्टा करते. मी तिला काही सांगत नाही. पण आईने मला त्या दिवशी पाठवलं, अप्पांचे हात उघडले आणि अक्काने "सांग की" म्हटलं, या तीन गोष्टींचे माझ्यावर उपकार आहेत. एकीवाचून दुसरी झाली नसती.

त्या संध्याकाळी हात उघडले तिथपर्यंत सांगून झालं. अक्का ताट पुसून घेत होती. आई तव्यासमोर होती, तव्यावर काही नव्हतं. "अंडी किती असतील गं तिच्या पोटात?" आईने विचारलं. इतक्या वर्षांत तिने विचारलेला तो पहिला प्रश्न. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "पोट टम्म होतं." आई हं म्हणाली.

दारात अप्पा उभे होते. किती वेळ, कोण जाणे. चपला हातात घेऊन, खाली बघत. आईने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, मग अक्काच्या ताटाकडे बघितलं, मग पाट पुढे सरकवला.

"हात धुवून या की," ती म्हणाली. "तिनं जाताना शेपटी कशी मारली, ते हिला नीट सांगता येईना. तुम्ही सांगा."